सगळं ठीक हाय, सायेब

“हिला कुणी उभं केलं?”

साहेबांनी हे मला विचारलं नाही. प्राचार्यांना विचारलं. मी त्यांच्यासमोर, मुलींच्या तिसऱ्या बाकापाशी उभी होते आणि ते माझ्या डोक्यावरून बोलत होते. प्राचार्य खुर्चीतून अर्धवट उठले. फिजिक्सचे सर त्यांच्याही आधी उठले. हॉल गच्च भरलेला. खिडक्यांमध्येसुद्धा मुलं बसलेली.

मग साहेब माझ्याकडे वळले. “तुझे वडील काय करतात?”

“साखर कारखान्यात बॉयलरवर होते. वारले.”

“कशाने?”

“बॉयलरची नळी फुटली.”

साहेब हसले. दुष्टपणाने हसले असं मी म्हणणार नाही. लहान पोराची समजूत काढावी तसे हसले. “तरीच,” ते हॉलकडे बघून म्हणाले, “या मुलीला अणुभट्टी म्हणजे गुऱ्हाळ वाटतंय.”

हशा पिकला. मुलं बाक बडवायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, “ए बॉयलर, बस खाली!” कॉलेजात माझं नाव तेच पडलं.

मी बसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही बाई जन्मापासून वाघीण होती. नव्हते. मी खाली बसले आणि वहीवर डोकं टेकवलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. मी नगरला मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहायचे, सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी खायची आणि एका बादलीत अंघोळ, धुणं, सगळं उरकायचं. साहेब येणार म्हणून कॉलेजच्या मैदानावरची धूळ बसावी, यासाठी अख्खा टँकर तिथे शिंपला. आम्ही मुली गच्चीवर उभ्या राहून बघत होतो. बोलायची सवयच नव्हती.

साहेब म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. समुद्राकाठी नवी अणुभट्टी सुरू झालेली. ती सुरक्षित आहे की नाही, हे तपासणाऱ्या सरकारी समितीवर ते होते. त्यांनी मान हलवली तर भट्टी चालणार, नाहीतर बंद. एवढा मोठा माणूस आपल्या नगरला येतो, याचंच सगळ्यांना कौतुक.

आता आमच्या कॉलेजची एक रीत सांगते. पाहुण्यांचं भाषण झालं की विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायचे. पण प्रश्न विद्यार्थ्यांचे नसायचे. ते सर ठरवायचे, कोण विचारणार तेही सर ठरवायचे आणि आदल्या दिवशी प्रत्येकाकडून पाठ करून घ्यायचे. “पाहुण्यांची पंचाईत होता कामा नये,” सर म्हणायचे. पाहुण्यांना उत्तरंही आधी कळवलेली असतील, मला काही माहीत नाही. हुशार मुलांना अवघड प्रश्न मिळायचे. त्या वर्षी एक प्रश्न मला मिळाला, कारण आपल्या कॉलेजात मागासवर्गातली मुलगीसुद्धा प्रश्न विचारते, हे साहेबांना दिसायला हवं होतं. सरांनी तसं तोंडावर सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही, उलट मी मैत्रिणीची इस्त्रीची साडी मागून आणली.

माझा प्रश्न होता, “अणुशक्तीचा शेतीला काय उपयोग होईल?” तो मी रात्रंदिवस घोकला होता.

साहेब बोलायला उभे राहिले. बोलणं मात्र सोपं होतं त्यांचं. त्यांनी फळ्यावर एक मोठं भांडं काढलं. “घाबरू नका,” म्हणाले, “अणुभट्टी म्हणजे एक मोठी चूलच. लाकडाच्या जागी युरेनियम. वर पाणी. पाणी उकळतं, वाफ होते, वाफेवर चाक फिरतं, वीज होते.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! हे तर आबांचं काम. माझे आबा हेच करायचे. चिपाडं जाळायची, पाणी उकळायचं, वाफ करायची. एवढा मोठा माणूस दिल्ली-मुंबईहून येऊन माझ्या बापाच्या कामाचं चित्र फळ्यावर काढतोय असं वाटलं. बाजूच्या मुलीला कोपराने ढोसून मी म्हणाले, “हे आमच्या आबांचं आहे.” तिला काही कळलं नाही.

आणि लगेच पुढचं आठवलं.

आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. आमच्या कारखान्याचं नाव मी लिहीत नाही, ते कोणतंही समजा. आबा तिथे फायरमन होते, म्हणजे बॉयलरचा जाळ आणि पाणी सांभाळायचे. बॉयलरला एक उभी काच असते. आतलं पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. पाणी खाली गेलं की नळ्या कोरड्या तापतात आणि फुटतात. म्हणून फायरमनने जेवताना, तंबाखू मळताना, बोलताना, एक डोळा काचेवर ठेवायचा. आबा घरी जेवायला बसले तरी मध्येच मान वर करून भिंतीकडे बघायचे. आई हसायची. “अवो, हितं कुठं काच हाय!”

त्या काचेकडे पाणी जाणारी वाट तुंबत होती. आत पाणी कमी असलं तरी काचेत दिसायचं. आबा घरी येऊन म्हणायचे, “काच खोटं बोलती.” मोठ्या इंजिनिअरला त्यांनी सांगितलं. एकदा नाही, किती वेळा. तो म्हणायचा, सीझन संपू दे, बघू.

सीझन संपला. पावसाळ्यात बॉयलर तपासणारे सरकारी साहेब आले. ती तपासणी मी बघितली आहे. आबांची भाकरी घेऊन गेले होते, दारातच उभी राहिले. बॉयलर थंडगार. धुऊन पुसून, रंग देऊन उभा केलेला, वर झेंडूची माळ. बाकीच्या फायरमनांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. एकट्या आबांना ठेवलं होतं, कारण आबा नाकासमोर चालणारे. साहेबांनी हात धुतले तेव्हा आबा टॉवेल घेऊन उभे होते. टॉवेल हातात देताना अंगाला अंग लागू नये म्हणून त्यांनी हात लांब केला होता.

साहेबांनी सहज विचारलं, “काय रे, काही तक्रार?”

इंजिनिअर आबांकडे बघत होता.

“सगळं ठीक हाय, सायेब.”

मला नवल वाटलं. रोज रात्री काचेला शिव्या देणारा माझा बाप हे कसं म्हणाला? पण मी लहान होते. भाकरी देऊन परत आले.

ऊस सुरू झाला आणि नळी फुटली. दुपारची वेळ होती. भट्टीच्या तोंडातून वाफ आणि जाळ बाहेर आला आणि समोर आबा होते. त्यांना नगरच्या सिव्हिलला आणलं. मी बघितलं तेव्हा चेहरा नव्हताच. आवाजावरून ओळखलं. ते एकच बोलत होते, पुन्हा पुन्हा, जणू आम्हीच त्यांची चौकशी करत होतो.

“काचेत पानी हुतं गं. काचेत पानी दिसत हुतं.”

आई म्हणत होती, “व्हय, हुतं. हुतं.” ते गेले तोवर ती हेच म्हणत होती.

चौकशी झाली. बॉयलर तपासून गेलेले तेच साहेब आले. आम्हाला टाइम ऑफिसच्या दारात उभं करून एका बाबूने निकाल वाचून दाखवला. फायरमनचं पाण्याकडे दुर्लक्ष झालं. काच बिघडली असल्याची तक्रार त्याने तपासणीच्या वेळी केली नाही. उलट, सगळं ठीक आहे असं त्याने स्वतः साहेबांना सांगितलं.

स्वतः सांगितलं. ते शब्द माझ्या कानात अजून आहेत. मेलेल्या माणसाच्या तोंडचं वाक्य काढून त्याच्याच गळ्यात बांधलं. महिनाभरात कारखान्याच्या चाळीतली खोली सोडायला लावली. ज्याच्या हलगर्जीने कारखान्याचं नुकसान झालं, त्याच्या बायकोला खोली कशी द्यायची?

तर त्या दिवशी हॉलमध्ये सरांनी खूण केली. माझी पाळी. मी उठले. शेतीचा प्रश्न ओठांवर होता, देवाशपथ होता. पण समोर फळ्यावर ते भांडं होतं.

“साहेब,” मी म्हणाले, “त्यातलं पाणी कमी पडलं तर?”

सरांचा चेहरा पडला. साहेबांना मात्र प्रश्न आवडला. “शाब्बास,” म्हणाले. “त्यासाठी दुसरा पंप आहे. तो बिघडला तर तिसरा.”

“आणि तिसराही बंद पडला तर?”

“सभोवती जाड भिंत आहे. विष बाहेर येणार नाही.”

“भिंत फुटली तर?”

“असं होत नाही, बाळ.”

“पण झालंच तर आजूबाजूच्या गावांना कोण सांगणार? माणसांनी कुठे जायचं?”

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. साहेबांचं हसू थोडं आखडलं. “जे होणारच नाही, ते गावात सांगून घबराट कशाला माजवायची? खेड्यातल्या माणसाला यातलं काय कळणार?” मग त्यांना आपलं हुकमी पान सापडलं. “हे बघ, मी स्वतः तिथे जाऊन तपासणी केली आहे. नुसते कागद बघून नाही. अगदी खालच्या मजुराला खांद्यावर हात ठेवून विचारलं, काही तक्रार? एकाने तक्रार केली नाही. सगळे म्हणाले, सगळं ठीक आहे, साहेब.”

मला तो मजूर दिसला. तो कुठला, कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, मला माहीत नाही. त्याच्या हातात टॉवेल होता.

“त्यांना तसं म्हणायला कुणी शिकवलं होतं, साहेब?”

एवढंच मी विचारलं. आवाज चढवला नाही. रडले मात्र असेन, कारण शेवटचे शब्द मलाच नीट ऐकू आले नाहीत. त्यावर साहेबांनी प्राचार्यांना विचारलं, हिला कुणी उभं केलं. पुढचं सांगितलंच आहे. एक वाक्य राहिलं. हशा ओसरल्यावर ते हॉलला म्हणाले, “अशा ठिकाणी अपघात यंत्रामुळे होत नाहीत. अडाणी माणसांच्या चुकीमुळे होतात. उद्या चुकून काही झालंच, तर तेच कारण निघेल.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वहीवर डोकं ठेवून ऐकत होते. अपघात अजून व्हायचा होता, पण चूक कुणाची हे आधीच ठरलेलं होतं. इथे बॉयलर, तिथे अणुभट्टी, पळसाला पानं तीनच.

भाषणानंतर प्राचार्यांच्या खोलीत चहा होता. मला तिथे बोलावलं. साहेब, प्राचार्य, सर, वसतिगृहाच्या मॅडम, सगळे बसलेले. सर म्हणाले, “साहेबांच्या पाया पड आणि चूक झाली म्हण.”

साहेबांनी बशीत चहा ओतता ओतता पाय थोडे पुढे केले. मुद्दाम नसेल. सवय असेल. काळे बूट, आमच्या टँकरच्या पाण्याचा चिखल लागलेले.

मी वाकायला लागले होते. खरं सांगते. कंबर वाकलीही होती. आमच्या कंबरेला ते शिकवावं लागत नाही. पण तोंडातून “चुकलं” निघेना. आबांचं “काचेत पानी हुतं” आठवलं. चुकलं म्हटलं असतं तर त्यांचंच चुकलं असं म्हटल्यासारखं झालं असतं. मी सरळ झाले.

“माझं काय चुकलं ते सांगा, सर. मग पडते.”

मॅडमनी कपाळावर हात मारला. साहेब म्हणाले, “जाऊ द्या हो, यांना आता सवलतींनी डोकं वर काढता येतं.” आणि चहा प्यायले.

प्राचार्यांनी आईला बोलावणं धाडलं. ती तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायची. हाताला चिंध्या बांधलेल्या होत्या, तशीच आली. प्राचार्य कॉलेजच्या शिपायालाही अहो-जाहो करायचे. आईला ते “तू” म्हणाले. “समजाव तुझ्या मुलीला. लेखी नको, काही नको. सरांसमोर एकदा चुकलं म्हणू दे. नाहीतर वसतिगृहातली जागा आम्हाला ठेवता येणार नाही.”

ती जागा गेली, तर माझं शिक्षण गेलं. नगरला दुसरी खोली परवडण्याची बात नव्हती. आईला ते कळत होतं. तिने माझा हात धरला. चिंध्यांमधून तिची बोटं खरखरीत लागली.

“म्हन बाई. तोंड काय झिजतंय का? चार शबुद म्हन आन् मोकळी हो.”

“न्हाई, आई.”

“म्हन की गं. माज्यासाठी म्हन.”

“न्हाई.”

आयुष्यात आईला मी पहिल्यांदा नाही म्हणाले. साहेबांना नाही म्हणणं त्यापुढे काहीच नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर सावरून उठली आणि प्राचार्यांना हात जोडून म्हणाली, “न्हाई म्हनती, सायेब.” आम्ही माझी पत्र्याची पेटी उचलली आणि बाहेर पडलो. गेटपाशी पोरं उभी होती. “ए बॉयलर, पाणी आहे का पाणी?” आईने विचारलं, कुणाला म्हणतायत. मी म्हणाले, कुणाला नाही.

स्टँडवर घरी जायला राहुरीची गाडी लागायची होती. आई पेटीवर बसली. हातावरच्या चिंध्या सोडायची, पुन्हा बांधायची. मला वाटलं, रागावली. तिचा राग मला चालला असता.

“तुज्या आबाला मीच म्हनले हुते,” ती म्हणाली.

“काय?”

“इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिशी इंजिनेर घरी आल्ता. म्हनला, उद्या तोंड उघडलं तर काम गेलं समज. तुजा बाप म्हनला, मी सांगनार. काच खोटं बोलती, एक दिस मानसं मरतील. लई भांडला माज्याशी. मी म्हनले, अवो, पोरगी शाळंत हाय. लई हुशार हाय असं मास्तर म्हनत्यात. काम गेलं तर तिला खुरपायला धाडायची का? म्हना ठीक हाय. तोंड काय झिजतंय का?”

समोरून एक गाडी गेली, आमची नव्हती.

“म्हनून म्हनला त्यो. तुज्यासाठी म्हनला. आज तुला तेच म्हनायला लावत हुते मी. माजी जीभ का झडली न्हाई?”

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले, भर स्टँडवर, लोक बघत असताना. आबांसाठी मी एवढी रडले नव्हते. मला वाटायचं मी स्कॉलरशिपवर शिकते. मी त्या एका वाक्यावर शिकत होते. माझी वही, माझं पेन, नगरचं कॉलेज, इस्त्रीची मागून आणलेली साडी, सगळं त्या वाक्यातून आलेलं. बापाने माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं आणि त्याच खोट्याने तो भाजून मेला. वर त्यालाच दोषी ठरवलं. आईला ते पुरतं कळलं होतं आणि ती ते एकटीच सोसत होती.

“आई, तुझं नाही चुकलं,” मी म्हणाले. “तुझ्याकडून वदवून घेतलं.”

“कुनी?”

मी एकेकाला आठवत गेले. इंजिनिअर? इन्स्पेक्टर? सर? की अणुभट्टी तपासणारे ते साहेब, जे मजुराच्या खांद्यावर हात ठेवून विचारतात आणि तो काय म्हणेल हे ज्यांना आधीच माहीत असतं? त्या सगळ्यांना आमच्याकडून एकच वाक्य हवं असतं. ते मिळालं की त्यांची तपासणी पुरी होते. पुढे आम्ही भाजलो, बुडालो, विषाने मेलो, तर तेच वाक्य काढून आमच्या प्रेतावर ठेवतात.

गाडी आली. आई चढताना म्हणाली, “आता काय करनार तू?” मग स्वतःच म्हणाली, “मेलेलं कोंबडं आगीला भीत न्हाई. कर काय करायचं ते.”

मी पुढे शिकले. कशी, ते सांगत बसत नाही, आईच्या हातांना ते ठाऊक आहे. पण राहुरीच्या त्या गाडीत, खिडकीबाहेर करपलेली रानं जात असताना, मी आबांचं वाक्य परत घेतलं. त्यांना घेता येणार नव्हतं, म्हणून मी घेतलं. काही ठीक नव्हतं, साहेब. काच खोटं बोलत होती, तुम्हाला ऐकायचं नव्हतं आणि आम्हाला सांगू दिलं नाही.

तपासणीचा साहेब कशाचाही असो. बॉयलरचा असो, धरणाचा असो, अणुभट्टीचा असो. तो माझ्यापुढे आला की मी विचारणार. पाणी संपलं तर काय? भिंत फुटली तर गावाला कोण सांगणार? आणि ठीक आहे म्हणणाऱ्या माणसाला ते कुणी पढवलं? हसू द्या हॉलला. बॉयलर म्हणू द्या.

त्या दिवशी बस खाली म्हणाले आणि मी बसले. आता उत्तर मिळाल्याशिवाय मी बसणार नाही.